डीपीवरून पत्ता: डिव्हाइस ट्रीमधून हरवलेल्या एका सेन्सरचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतली एक छोटी कंपनी पॉवर प्रेसवर बसवायचा एक डबा बनवते. प्रेसने शिफ्टमध्ये किती स्ट्रोक मारले, मशीन किती वेळ रिकामं उभं होतं, पॅनेलच्या आत तापमान किती, एवढं मोजायचं आणि ऑफिसातल्या संगणकाला कळवायचं, हे त्या डब्याचं काम. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स घराण्यातला प्रोसेसर आहे, बीगलबोन ब्लॅक या छोट्या तयार संगणक-बोर्डावर असतो त्याच जातीचा. त्यावर लिनक्स चालतं. बोर्डावर कोणतं उपकरण कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणारं वर्णन म्हणजे डिव्हाइस ट्री, आणि त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे नोड.

डब्याची पहिली आवृत्ती, म्हणजे रिव्हिजन ए, ४.१४ कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) चालायची. जानेवारी २०२४मध्ये त्या कर्नलची दीर्घकालीन देखभाल संपली आणि गिऱ्हाईकांच्या आयटीवाल्यांनी सुरक्षेचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेव्हा कंपनीने एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं: नवीन बोर्ड, रिव्हिजन बी, आणि त्यावर ६.६ कर्नल. बोर्डातला मोठा बदल एकच. आधी स्ट्रोक मोजायला प्रॉक्सिमिटी स्विच बाहेरून लावावा लागायचा, तो काढून एमपीयू६०५० हा त्वरणमापी बोर्डावरच बसवला.

दहा नमुना बोर्ड आले. दहाच्या दहा बूट झाले, नेटवर्कवर दिसले, लॉगमध्ये तांबडी ओळ एकही नाही. फक्त स्ट्रोक शून्य आणि तापमानाचा आलेख कोरा. मालकांचा फोन आला, "मॅडम, जुने डबे धडधाकट आहेत, नवे सगळे मुके. सेन्सरची अख्खी रीळ खराब लागली का?" रीळ खराब असती तर बरं झालं असतं, असं मला पुढच्या दोन दिवसांत बऱ्याचदा वाटलं.

तापमानाचं आधी उरकते

हे सोपं निघालं. बोर्डावर डीएस३२३१ हे घड्याळ आहे. त्याच्या पोटात स्वतःचं तापमान मोजायची सोय असते, पाव अंशाच्या पायरीने, आणि लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम) तो आकडा बाहेर देतो. कंपनीच्या स्क्रिप्टमध्ये त्या फाइलचा पूर्ण रस्ता लिहून ठेवला होता: सिसएफएसच्या (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो ती जागा) डिव्हाइसेसमधून प्लॅटफॉर्म, मग ओसीपी, मग ४८१९सी०००.आयटूसी, आणि तिथून आत.

४.१४मध्ये हा रस्ता बरोबर होता. तिथे तिसरी आयटूसी बस, म्हणजे चिपांमध्ये निरोप नेणारी दोन तारांची वाट (मोजणी शून्यापासून, म्हणून नाव आयटूसी२) ओसीपी या एकाच मोठ्या नोडखाली थेट बसलेली होती. पुढच्या कर्नलांमध्ये या चिपच्या आतलं इंटरकनेक्ट, म्हणजे आतल्या भागांना जोडणारं जाळं, डिव्हाइस ट्रीमध्ये खरं जसं आहे तसं मांडलं गेलं. आता वरून खाली येताना इंटरकनेक्ट ४८००००००, त्याच्या आत सेगमेंट १०००००, त्याच्या आत टार्गेट मोड्यूल ९सी०००, आणि त्याच्या आत आयटूसी शून्य. प्रत्येक पायरीवर फक्त वरच्यापासूनचं अंतर लिहिलेलं. बेरीज केली (हे सगळे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे) की ४८१९सी०००, म्हणजे पूर्वीचाच पत्ता. पेठ, वाडा, चौक, खोली असं सांगत गेल्यावर माणूस शेवटी त्याच दारात पोहोचतो, तसं. घर हललं नाही, पण वाटेत नवीन पाट्या लागल्या. स्क्रिप्ट मात्र जुन्या पाट्या वाचत निघाली होती.

सिसएफएसच्या डिव्हाइसेसखालची उतरंड पाठ करून ठेवू नका, हे कर्नलच्या कागदपत्रांतच सांगितलेलं आहे. ती कधीही बदलू शकते. बस, आयटूसी, डिव्हाइसेस या वाटेने गेलं तर २-००६८ हे नाव थेट मिळतं: आयटूसी२ ही बस, ६८ पत्ता. स्क्रिप्टची एक ओळ बदलली आणि आलेख उमटला. पंधरा मिनिटं.

सेन्सर, आणि माझी पहिली चूक

एमपीयू६०५०चा आयटूसी पत्ता मुळात ६८ असतो, आणि डीएस३२३१चाही ६८च. घड्याळाचा बदलता येत नाही. सेन्सरची एडीझिरो नावाची पिन वर ओढली तर त्याचा पत्ता ६९ होतो. मला वाटलं, हे बोर्ड आखणाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल. सर्किट उघडून बघितलं तर त्याने पिन नीट वर ओढलेली. शंका फिटली, पण अर्धा तास गेला.

मग आयटूसी डिटेक्ट चालवलं. हे साधन बसवरच्या प्रत्येक पत्त्यावर हाक मारतं आणि कोण ओ देतो ते तक्त्यात दाखवतं. ६८च्या घरात यूयू होतं. म्हणजे तिथल्या उपकरणाचा ताबा एखाद्या ड्रायव्हरने घेतलाय, म्हणून साधनाने त्याला हाक मारली नाही. ६९च्या घरात दोन आडव्या रेघा. ओ नाही. मी सरळ निष्कर्ष काढला, सोल्डरिंग. त्या सेन्सरचे पॅड पोटाखाली असतात, टाका नीट बसला नाही तर डोळ्यांना दिसत नाही. दोन बोर्डांचे सेन्सर काढून पुन्हा बसवायला सांगितले.

त्याच तक्त्यात २०च्या घरात नुसतं २० लिहिलेलं होतं. यूयू नाही, २०. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते वाचलं नाही. ते काय सांगत होतं, ते पुढे येतं.

कंपनीत दुरुस्तीच्या टेबलावर एक काका बसतात. टेलिव्हिजन दुरुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस, सुटे भाग अजून पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून स्वतः निवडून आणतो. दुसरा सेन्सर बसवून झाल्यावर त्यांनी कुणाला न विचारता मीटरची सुई सेन्सरजवळच्या कपॅसिटरवर टेकवली. मग मला हाक मारली.

"मॅडम, याला वीजच नाही. शून्य पॉइंट शून्य शून्य. तुम्ही पोराकडून उगाच टाके मारून घेताय."

रिव्हिजन बीमध्ये सेन्सरची वीज एका छोट्या रेग्युलेटरमधून जाते, म्हणजे सेन्सर अडकला तर वीज तोडून पुन्हा देता येते. रेग्युलेटर चालू करायची पिन प्रोसेसरवर नाही. पिना संपल्या होत्या, म्हणून ती एमसीपी२३०१७ या जीपीआयओ एक्सपांडरवर, म्हणजे जादा पिना पुरवणाऱ्या चिपवर, नेली होती. तो एक्सपांडर त्याच आयटूसी बसवर, पत्ता २०.

फाइलीत काय होतं

एव्हाना डिव्हाइस ट्रीची सोर्स फाइल उघडायला हवी होती, हे मला कळलं. ती कंपनीतल्या एका नव्या मुलाने लिहिली होती. हुशार मुलगा. पण त्याने रेग्युलेटरचा नोड ट्रीच्या मुळाशी लिहून सेन्सरचा नोड त्याच्या पोटात घातला होता. आयटूसी२ बसच्या नोडखाली घड्याळ होतं, एक्सपांडर होता, सेन्सर नव्हता.

मी विचारलं, "हा इथे कसा?"

"मॅडम, सेन्सरला व्होल्टेज तिथूनच येतं ना? सर्किटच्या दुसऱ्या पानावर ट्री दिलाय, त्यात असंच आहे."

दुसऱ्या पानावर खरंच ट्री होता. पॉवर ट्री. हार्डवेअरवाले प्रत्येक बोर्डाचा काढतात: कोणत्या व्होल्टेजमधून कोणतं व्होल्टेज निघतं आणि ते कुणाला पोसतं. मुलाने ‘डिव्हाइस ट्री लिहायचा आहे’ ऐकलं, सर्किटमध्ये ट्री शोधला, सापडला, तसाच उतरवला. मला हसू आलं नाही. दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या आमच्या धंद्याचीच ती चूक आहे.

गुरुवार होता, एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या प्रेसची धडधड बंद. निवांत बसून त्याला समजावता आलं.

"अरे, तू तुझ्या घराचा पत्ता लिहितोस तेव्हा वीज कोणत्या डीपीवरून येते ते लिहितोस का?"

"नाही."

"का नाही?"

"पोस्टमनला त्याचं काय करायचंय?"

झालं. डिव्हाइस ट्रीमध्ये कोण कुणाच्या पोटात, हे पोस्टमनच्या नजरेने ठरतं. प्रोसेसरकडून निघालेला वाचायचा किंवा लिहायचा निरोप कोणत्या बसवरून, कोणत्या पत्त्यावर पोहोचतो, तेवढंच. सेन्सरला निरोप आयटूसी२वरून जातो, म्हणून त्याचं घर आयटूसी२खाली. वीज, क्लॉक, रीसेट पिन ही सगळी नाती आडवी. ट्री ही वंशावळ आहे, बाप एकच. बाकीच्या सोयरिकी फँडलने जोडायच्या: सेन्सरच्या नोडमध्ये व्हीडीडी-सप्लाय अशी प्रॉपर्टी आणि तिच्यात रेग्युलेटरकडे बोट. कंपायलर त्या बोटाच्या जागी एक आकडा भरतो, कर्नल त्या आकड्यावरून रेग्युलेटर शोधतो. इंटरप्टचं, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचं, प्रकरण आणखी वेगळं. कुणाचा इंटरप्ट कुणाकडे जातो याचा एक दुसराच ट्री या ट्रीच्या अंगावरून वाहत असतो, आणि त्यातला पॅरेंट पत्त्याच्या पॅरेंटपेक्षा निराळा असू शकतो. आमच्या सेन्सरचा आहेच: पत्ता आयटूसीवर, इंटरप्ट प्रोसेसरच्या जीपीआयओकडे.

मुळात हे कागदावर मांडावं का लागतं, असंही त्याने विचारलं. यूएसबी किंवा पीसीआयवरचं उपकरण विचारलं की आपलं नाव-गाव सांगतं. आयटूसीवरचं सांगत नाही. ६९ वरून ओ आली तरी तो सेन्सर आहे की आणखी काही, हे कर्नलला कळायची सोय नाही. पूर्वी एआरएम बोर्डांसाठी ही माहिती सी भाषेतल्या बोर्ड फाइलींमध्ये कर्नलच्याच आत लिहायचे. प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल, आणि ढीग वाढत गेला. २०११मध्ये लिनस टोरवाल्ड्सने या गोंधळावर जाहीर तोंडसुख घेतलं आणि एआरएमची गाडी डिव्हाइस ट्रीकडे वळली. कल्पना त्याहून जुनी. सन आणि ॲपलच्या यंत्रांतल्या ओपन फर्मवेअरची, १९९४च्या आयईईई १२७५ मानकातली. लिनक्समध्ये ती आधी पॉवरपीसीवर रुजली होती.

ओरड का झाली नाही

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपलं ते हे. चूक एवढी ढोबळ, आणि कर्नल गप्प.

बूट होताना कर्नल ट्रीच्या मुळाशी असलेल्या आणि कंपॅटिबल प्रॉपर्टी (चिप कोणती ते सांगणारी) असलेल्या नोडांसाठी प्लॅटफॉर्म डिव्हाइस तयार करतो. त्यांच्या पोटात मात्र तो सरसकट उतरत नाही. नोड ‘सिंपल-बस’ किंवा तशाच मोजक्या जातींचा असेल तरच उतरतो. बाकीच्यांची मुलं त्यांच्या त्यांच्या ड्रायव्हरने सांभाळायची. आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हर आपल्या नोडखालची उपकरणं स्वतः नोंदवतो. फिक्स्ड रेग्युलेटरच्या ड्रायव्हरला आपल्याला मूलबाळ असेल ही कल्पनाच नाही. त्यामुळे सेन्सरचा नोड ट्रीमध्ये होता, चालू कर्नलने वाचलेला ट्री जिथे दिसतो त्या प्रॉकखालच्या डिव्हाइस-ट्रीमध्ये डोळ्यांना दिसत होता, पण त्याचं डिव्हाइस कधी जन्मालाच आलं नाही. जन्म नाही तर प्रोब (ड्रायव्हरने उपकरण ताब्यात घ्यायचा प्रयत्न) नाही, प्रोब नाही तर अपयश नाही, अपयश नाही तर लॉगमध्ये ओळ नाही.

ओरडला होता एकच जण, डिव्हाइस ट्रीचा कंपायलर डीटीसी. बिल्डच्या लॉगमध्ये इशारा सापडला: रेग प्रॉपर्टीची (पत्ता लिहायची जागा) लांबी ४ बाइट, ती चुकीची, ॲड्रेस-सेल्स २, साइझ-सेल्स १. हे दोन आणि एक आले कुठून? आयटूसी बस आपल्या मुलांसाठी ॲड्रेस-सेल्स १ आणि साइझ-सेल्स ० असं सांगते, कारण आयटूसी पत्त्याला लांबी-रुंदी नसते. रेग्युलेटर असलं काहीच सांगत नाही. मग डीटीसी मानकातले ठरलेले २ आणि १ धरतो, म्हणजे तीन सेल, १२ बाइट. आणि तिथे मुलाने नुसतं ६९ लिहिलेलं, एक सेल. ‘तू म्हणतोस तो याचा बाप नाही’ हेच डीटीसी त्याच्या कोरड्या भाषेत सांगत होता. पण तो इशारा होता, त्रुटी नव्हती. फाइल बनली, आणि योक्टोच्या (डब्याचं लिनक्स बांधणारी यंत्रणा) हजारो ओळींत इशारा वाहून गेला.

कर्नलमध्ये डीटीबीएस-चेक नावाचं मेक टार्गेट आहे, यॅमलमध्ये लिहिलेल्या स्कीमाशी ट्री ताडून बघणारं. मी ते जुन्या फाइलीवर चालवलं. फिक्स्ड रेग्युलेटरखाली ॲक्सेलरोमीटर नोड अनपेक्षित आहे, असं त्याने लगेच सांगितलं. कंपनीत ते कुणी कधी चालवलेलं नव्हतं.

दोन ओळींची साखळी

सेन्सरचा नोड आयटूसी२खाली हलवला, व्हीडीडी-सप्लाय आणि व्हीडीडीआयओ-सप्लाय जोडले, बूट केलं. स्ट्रोक शून्य. पण आता एक फरक होता. सिसएफएसमध्ये २-००६९ जन्माला आलं होतं, नुसतं ड्रायव्हरविना.

एखाद्या उपकरणाला लागणारी गोष्ट अजून तयार नसेल तर ड्रायव्हर ‘नंतर बघा’ म्हणून उणे ५१७ हा कोड परत देतो. कर्नल त्याला रांगेत ठेवतो आणि नवं काही तयार झालं की पुन्हा प्रयत्न करतो. ही सोय २०१२च्या ३.४ कर्नलपासून आहे. रांग बघायला डीबगएफएसमध्ये डिव्हाइसेस-डिफर्ड नावाची फाइल असते. आमच्या फाइलीत दोनच ओळी होत्या. सेन्सरपुढे लिहिलेलं, रेग्युलेटर तयार नाही. रेग्युलेटरपुढे लिहिलेलं, जीपीआयओ मिळत नाही.

तेव्हा मला तक्त्यातलं ते २० आठवलं. यूयू नाही, २०! एक्सपांडर ओ देत होता, पण त्याचा ताबा घेणारा ड्रायव्हरच नव्हता. शोधलं तर ड्रायव्हर मोड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल म्हणून, बांधलेला, आणि मोड्यूलचं पॅकेज योक्टोच्या इमेजमध्ये घेतलेलंच नाही. आयटूसी डिटेक्टचा तक्ता पहिल्याच तासात नीट वाचला असता तर दोन सेन्सर उगाच तापले नसते. काकांनी हे मला तोंडावर ऐकवलं नाही, पण चहा पिताना दोनदा "२० बरं का मॅडम" म्हणाले.

ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधून घेतला. रांग रिकामी झाली. सेन्सरचा प्रोब झाला आणि उणे १२१ देऊन पडला. म्हणजे हाक मारली, ओ आली नाही.

सिसएफएसमध्ये रेग्युलेटरची स्थिती बघितली: चालू. काकांनी मीटर लावला: शून्य. मुलगा म्हणाला, "मी तर जीपीआयओपुढे ॲक्टिव्ह-हाय लिहिलंय." लिहिलं होतं खरंच. पण फिक्स्ड रेग्युलेटरच्या बाबतीत जुन्या ट्रींशी जुळवून घेण्यासाठी कर्नल तो झेंडा दुर्लक्षित करतो. तिथे एनेबल-ॲक्टिव्ह-हाय ही वेगळी प्रॉपर्टी असेल तरच पिन वर, नसेल तर उलट. ती नव्हती. त्यामुळे कर्नलने रेग्युलेटर ‘चालू’ केला तो पिन खाली ओढून. ही खोड डीटीबीएस-चेकही पकडत नाही, कारण दोन्ही लिखाणं नियमाला धरूनच आहेत. माझ्या मते हा डिव्हाइस ट्रीमधला सगळ्यात दुष्ट कोपरा आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी इथेच ठेच खाल्ली होती, म्हणून यावेळी पाच मिनिटांत सापडला.

ती एक ओळ घातली. काकांनी सुई टेकवली, "तीन पॉइंट तीन." मुलाने टेबलावर टिचकी मारली आणि पडद्यावरचा आकडा एकने वाढला.

फाइलींची नवी मांडणी

बोर्ड चालला तरी फाइल तशीच ठेवणं मला पटलं नाही. रिव्हिजन एची फाइल कॉपी करून बीची बनवलेली, म्हणजे घड्याळाची एक चूक दोन ठिकाणी दुरुस्त करायची. आता दोन्ही बोर्डांना सामाईक ते सगळं एका डीटीएसआय फाइलीत (दुसऱ्या फाइलींनी आत घ्यायची फाइल) आहे: प्रोसेसरचं बोर्डावरचं वायरिंग, इथरनेट, घड्याळ. ए आणि बीच्या डीटीएस फाइली त्या फाइलीला आत घेतात आणि फक्त आपापला फरक सांगतात. एमध्ये प्रॉक्सिमिटी स्विचची पिन, बीमध्ये एक्सपांडर, रेग्युलेटर आणि सेन्सर. प्रोसेसरच्या मूळ फाइलीतले नोड त्यांच्या लेबलने गाठायचे, पूर्ण रस्ता लिहायचा नाही. नव्या कर्नलमध्ये आतली उतरंड बदलली तेव्हा स्क्रिप्ट मोडली, पण मुलाची फाइल मोडली नाही, ती लेबलमुळेच.

नोडांची नावंही बदलली. मुलाने एमपीयू६०५० ॲट ६९ असं ठेवलं होतं. नोडचं नाव वस्तू काय काम करते ते सांगतं, चिपचा क्रमांक कंपॅटिबलमध्ये असतो, म्हणून ॲक्सेलरोमीटर ॲट ६९. बसखाली नोड पत्त्याच्या चढत्या क्रमाने: २०, ६८, ६९. कर्नलच्या शैलीचा हा नियम मला आधी खुळचट वाटायचा. पण दोन उपकरणं एकाच पत्त्यावर येत असतील तर या क्रमात ती शेजारी येतात आणि डोळ्यांना लगेच खटकतात. बिल्डच्या यंत्रणेत आता डीटीसीचा इशारा आला की बिल्ड थांबतं, आणि डीटीबीएस-चेक रोज रात्री चालतं. पहिल्या रात्री त्याने आमच्या फाइलींत आणखी चार किरकोळ गोष्टी काढल्या. त्यांतल्या दोन माझ्याच हातच्या होत्या.

एक मुद्दा अडून राहिला. साध्या सेन्सरची वीज एक्सपांडरच्या भरवशावर असणं मला आवडत नाही. तो एक्सपांडर अडकला तर सेन्सरही गेला, आणि दोघेही एकाच बसवर. रिव्हिजन सीमध्ये ती पिन प्रोसेसरवर आणा, असं मी सुचवलं. हार्डवेअरवाल्याने हिशेब करून सांगितलं की एक पिन मोकळी होऊ शकते, पण मग दर्शनी भागावरचा हिरवा दिवा काढावा लागेल. मालक तिथल्या तिथे म्हणाले, "दिवा नाही काढायचा. ऑपरेटर लांबून दिवा बघतो, तुमचा ट्री कोण बघतंय?"

रिव्हिजन सीचं सर्किट गेल्या आठवड्यात आलं. दिवा जागेवर आहे, पिन एक्सपांडरवर आहे. दुसऱ्या पानावरच्या पॉवर ट्रीचं शीर्षक मात्र कुणीतरी बदलून ‘वीजवाटप’ असं केलंय.